पेल्यातली पट्टी

पाणी तपासायच्या पट्ट्या मी घरी आणायला लागले, त्याला सहा-सात वर्षं झाली असतील. चाकणच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करते. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांना मुलामा चढवतात. त्यासाठी लागणारं पाणी आणि वापरून झालेलं पाणी, दोन्ही आमच्याकडे तपासायला येतं. नीट तपासणी रसायनं आणि यंत्र वापरून होते, पण झटपट अंदाज घ्यायला पट्ट्या असतात. बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर कागदाचे बारके चौकोन. पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि चौकोनांचे रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवायचे. पाणी किती जड आहे, क्लोरीन किती, नायट्रेट किती, ते ढोबळ कळतं.

तारीख उलटलेली डबी ऑडिटमध्ये सापडली तर आमची चांगलीच कानउघाडणी होते. म्हणून तारीख संपली की डब्या कपाटातून काढायच्या आणि टाकून द्यायच्या. मी त्या पिशवीत टाकायचे. अर्धी भरलेली डबी कचऱ्यात जाताना बघवत नसे, आणि घरी पट्टीची तारीख विचारायला कोण ऑडिटर येणार होता?

आम्ही सांगवीत राहतो. सोसायटीत नळाचं पाणी दिवसाआड, उरलेली गरज टँकर आणि बोअर भागवतात. तिन्हींचं पाणी एकाच टाकीत. मी आधी आमच्या घरचं तपासलं, मग शेजारच्यांचं, मग कंपनीच्या बसमधली माणसं बाटल्यांतून आपापलं पाणी आणायला लागली. ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, एकदा डिझेलपण बघा राव, गाडी चढाला दम टाकते." मला ते आवडायचं. माणसाला आपला काहीतरी उपयोग आहे असं वाटणं वाईट नसतं. त्या नादात आपण कुठे काय करतो याचं भान सुटतं, एवढंच.

बसमध्ये माझ्या शेजारची जागा अकरा वर्षं एकाच मैत्रिणीची. ती आमच्याच कंपनीत स्टोअरमध्ये आहे. सासरे पिंपरीच्या कारखान्यात कामगार होते, त्यांच्या वेळची भाड्याची खोली सोडून तिने गेल्या वर्षी मोशीला स्वतःचा फ्लॅट घेतला. त्यांचं घर बौद्ध, आमचं नाही. अकरा वर्षांत आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकींच्या मुलांच्या परीक्षा आणि नवऱ्यांची आजारपणं ऐकली. जातीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. तो निघत नाही याचा मला थोडा अभिमानही होता.

नव्या घराच्या बुद्धवंदनेला तिने बोलावलं होतं, पण त्या दिवशी आमचं ऑडिट आलं. मग मी नंतरच्या एका रविवारी एकटीच गेले. एप्रिलचं ऊन, दुपारचे बारा. मी सोफ्यावर बसले. तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणते, आतून ताटलीत स्टीलचा पेला ठेवून पाणी घेऊन आल्या. पंचाहत्तरीच्या बाई, पांढरं लुगडं, ताठ चालणं. पेला काठोकाठ भरलेला. मी तो घेतला, टीपॉयवर ठेवला, पर्समधून डबी काढली आणि पट्टी पेल्यात बुडवली.

मी हे विचार करून केलं नाही. पण हे वाक्य मी तेव्हापासून स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्याच्यावर माझाच विश्वास बसत नाही.

आत्या उभ्याच होत्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"आमच्या घरचं पाणी आता कागदाला इचारून पिणार व्हय?"

मी घाईने बोअर, क्षार, नवीन इमारतीच्या टाक्या असं काहीतरी सांगू लागले. मैत्रीण हसून म्हणाली, "अहो आत्या, ही सगळीकडेच करते. बसमध्ये सगळे हिला हसतात." माझी बाजू घ्यायला बोलली ती. मी मान डोलावली. पण सगळीकडे मी असं करत नव्हते. लोक बाटलीतून आणून द्यायचे तेव्हा करायचे. कोणाच्या घरी गेलेच तर आधी चहापाणी व्हायचं, मग कोणी म्हणालं तर नळाचं पाणी वाटीत घेऊन बघायचे. प्राधिकरण भागात आमच्या साहेबांच्या घरी गेले होते, तिथे तर भर उन्हाळ्यात टँकरचं पाणी चालू होतं. तिथे मी पेला उचलला आणि संपवला. डबी तेव्हाही पर्समध्येच होती.

आत्यांनी पेला उचलला, पाणी बेसिनमध्ये ओतलं, पायात चपला घातल्या आणि बाहेर गेल्या. लिफ्ट बंद होती. तीन जिने उतरून समोरच्या दुकानातून त्या पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली.

"घ्या. सीलबंद हाय."

मी ती फोडली आणि प्यायले. नको म्हणायला हवं होतं, पण घसा कोरडा पडला होता.

त्या खाली गेल्या होत्या तेवढ्या वेळात मैत्रिणीने मला घर दाखवलं होतं. स्वयंपाकघरात तिची मुलगी होती, बाळंतपणाला आलेली. बाळ अडीच महिन्यांचं. आईचं दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं होतं. गॅसवर पातेलं उकळत होतं. मुलगी कौतुकाने म्हणाली की पणजी स्वतः उभी राहून बाळाचं पाणी चांगलं वीस मिनिटं उकळून घेते, घाई करू देत नाही. नवीन घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र अजून बसलं नव्हतं.

पेल्यातून काढून घेतलेली पट्टी अजून माझ्या मुठीत होती. तिच्यावरचा नायट्रेटचा चौकोन गडद गुलाबी झाला होता.

नायट्रेटचं पाणी मोठ्या माणसांना फारसं काही करत नाही. तान्ह्या बाळाला करतं. पावडरचं दूध त्या पाण्यात कालवलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू धरायची ताकद कमी होते, ओठ निळसर पडतात. आणि उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, नायट्रेट आहे तेवढंच राहतं. म्हणजे ती बाई वीस मिनिटं उभी राहून जी काळजी घेत होती, त्या काळजीनेच ते पाणी अधिक वाईट होत होतं. हे सगळं मला तिथल्या तिथे आठवलं. माझं काम आहे ते. मी पट्टी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि ओट्याच्या ग्रॅनाइटचं कौतुक केलं.

कसं सांगणार होते? नुकताच त्यांच्या पाण्याचा अपमान केला होता. त्यावर आणखी तुमचं पाणी बाळाला देण्यासारखं नाही म्हणायचं? मला वाटलं, उद्या बसमध्ये सांगू, जरा निवळलं की.

सोमवारी मैत्रीण नेहमीसारखी शेजारी येऊन बसली. काल काही झालं असं तिने दाखवलं नाही, आणि मीही कँटीनच्या नव्या कंत्राटदाराबद्दल बोलत राहिले. मंगळवारी ती तिच्या भाचीच्या नोकरीबद्दल बोलली. बुधवारी मी डोकं दुखतंय सांगून डोळे मिटून बसले. बाळ दिवसाला सहा-सात बाटल्या पीत असणार, हा हिशोब मी मिटल्या डोळ्यांनी करत होते. एक फोन पुरला असता. तो करायचा तर रविवारचा विषय पुन्हा काढावा लागला असता, आणि मला तो काढायचा नव्हता. दुसरं काही कारण नव्हतं.

गुरुवारी ती म्हणाली की बाळ दोन दिवस किरकिर करतंय, आज डॉक्टरांकडे नेणार आहेत. मग माझ्या तोंडून निघालं. पट्टी, नायट्रेट, उकळणं, सगळं. बस मोशी सोडून चाकणच्या रस्त्याला लागली होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

"आज गुरुवार आहे."

एवढंच बोलून तिने घरी फोन लावला, बाळाच्या दुधाला बाटलीचं पाणी वापरा, कारण मागून सांगते, असं मुलीला बजावलं आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दुपारी ती प्रयोगशाळेत आली. आधी बाळाचं सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं होतं. ओठ, नखं, सगळं ठीक, पोटात गॅस झाला होता. मी खुर्चीवर बसले. ती म्हणाली, "डबी दाखव." मी पर्समधून काढून दिली. तिने उलटी करून लॉट नंबर वाचला. स्टोअरमध्ये तिचं कामच ते आहे, कुठली वस्तू कधी आली आणि कधी बाद झाली.

"ही तर मी जानेवारीत बाद करून तुमच्याकडे टाकायला पाठवली होती."

जुनी, उघडी राहिलेली पट्टी नायट्रेटच्या बाबतीत फसवते, विशेषतः आमच्यासारख्या ठिकाणी. बाजूला ॲसिडच्या टाक्या आहेत, त्यांच्या वाफेने तो चौकोन पाण्याला न लागताच गुलाबी व्हायला लागतो. कपाटातल्या डब्या घट्ट बंद ठेवा, असा फलक मीच लावलेला आहे.

"कंपनीत ही पट्टी वापरली असतीस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आमच्या घरी कशी चालली?"

शुक्रवारी तिने नळ दोन मिनिटं सोडून, बाटली तीनदा विसळून पाणी भरून आणलं, मी सांगितलं तसं. मी ताजी रसायनं काढली आणि तपासणी दोनदा केली. नायट्रेट मर्यादेच्या बरंच खाली. पाणी थोडं जड, बाकी स्वच्छ. निकाल कागदावर लिहून मी स्टोअरच्या खिडकीशी नेला. तिने वाचला आणि कागद मला परत केला.

"मला नको. आत्यांना जाऊन सांग. कालपासून त्या बाटल्या उचलून जिने चढतायत."

नमुना तपासताना मला आणखी एक गोष्ट दिसली होती. नमुन्याच्या बाटलीत आम्ही पट्टी कधीच बुडवत नाही. थोडं पाणी वेगळ्या भांड्यात काढतो आणि त्यात बुडवतो, कारण चौकोनांवरची रसायनं पाण्यात उतरतात आणि ते पाणी पुढे कशाच्या कामाचं राहत नाही. पट्टी बुडवलेलं पाणी पिऊ नये, असं डबीवर छापलेलंच असतं. हे मी दिवसातून वीस वेळा करते. त्या रविवारी वाटी मागितली नाही. सरळ पेल्यात बुडवली.

शनिवारी संध्याकाळी बसमधून मोशीला उतरले. मैत्रीण पुढे, मी मागे. आत्या स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या. बाळाची आई आत निजली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं की पाणी नीट तपासलं, चांगलं आहे, बाळाला चालेल.

"चांगलंच व्हतं," त्या म्हणाल्या. "मग तुमचा कागुद लाल कसा झाला?"

"पट्टी जुनी होती. तारीख संपलेली. माझं चुकलं."

त्यांनी एक जुडी सोडून दुसरी घेतली. "पट्टीचं ऱ्हाऊ द्या. जुनी तर जुनी. ती आमच्याकडंच का काढली?"

मैत्रीण दारात उभी होती. ती काही बोलेल असं मला वाटलं. या वेळी तिने माझी बाजू घेतली नाही. मी बोअरबद्दल बोलू शकले असते, सवयीबद्दल बोलू शकले असते. दोन्ही तोंडापर्यंत आलं होतं.

"पट्टी बुडवलेलं पाणी पीत नाहीत," मी म्हणाले. "मला ते माहीत होतं. म्हणजे पट्टी बुडवली, तेव्हाच ते प्यायचं नाही असं माझं ठरलं होतं."

आत्यांनी मान वर केली. रागावलेल्या दिसल्या नाहीत, नवल वाटल्यासारख्याही नाही.

"ते मला तवाच कळलं. तुमाला आत्ता कळलं व्हय?"

मी हो म्हणाले. आतून बाळ रडायला लागलं. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, मेथीच्या काड्या बाजूला सारल्या, पातेलं नळाखाली धरून भरलं आणि गॅसवर ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करून पाण्याला उकळी यायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी निघते म्हटलं. त्यांनी मान हलवली. जिन्याच्या तोंडापर्यंत मैत्रीण सोबत आली, आणि तिथून परत फिरली.