पारोच्या द्राक्षबागेचा बेत

थंडी सरत आली की कोलकात्यात बेहालाच्या बाजारात नाशिकची द्राक्षं येतात, आणि शैलाताईंना दर वर्षी माहेरचा माणूस भेटल्यासारखं होतं. फळवाला बंगालीत वहिनी म्हणून हाक मारत म्हणतो, "नाशिकेर आंगूर, बौदी, खूब मिष्टी." शैलाताई एक मणी तोंडात टाकतात, क्षणभर थांबतात आणि निकाल देतात. कधी "पाणी जास्त झालंय", कधी "घाईनं तोडलीत". निकाल मराठीत असतो, फळवाल्याला त्यातलं अक्षर कळत नाही. पण पिशवी भरल्याशिवाय बाई हलत नाहीत हे त्याला माहीत आहे, म्हणून तो मान डोलावतो.

निफाडकडच्या बागायतदाराची ही लेक. द्राक्षाच्या मांडवाखाली रांगली, त्याच मांडवाखाली अभ्यास केला आणि लग्न होऊन एका बँक अधिकाऱ्याच्या मागे निघाली ती गावोगाव फिरतच राहिली. दिगंबररावांची बदली झाली की डबे भरायचे, नव्या गावात पोळीसाठी बरा गहू शोधायचा आणि जरा ओळखीपाळखी झाल्या की पुन्हा डबे भरायचे. कानपूर झालं, भोपाळ झालं, विशाखापट्टण झालं, आता कोलकाता.

लोकांना वाटतं, वा, सगळा देश पाहिला असेल. कसला पाहिलाय. भोपाळला चार वर्षं काढली, सांचीचा स्तूप पाहिला नाही. विशाखापट्टणला राहून अराकूचं खोरं पाहिलं नाही. कारण रजा मिळाली रे मिळाली की ती गावाकडे जायची. कुणाची मुंज, कुणाचं लग्न, कुणाचं वर्षश्राद्ध. घराबाहेर राहणाऱ्या माणसाची रजा ही त्याची नसतेच, ती नातेवाइकांची ठेव असते आणि ते ती हक्कानं मोडतात. कोलकात्यात आल्यापासून दिगंबररावांनी पाहिलेलं एकमेव प्रेक्षणीय स्थळ म्हणजे बागबाजार. कोणी पाहुणा आला की ते त्याला तिथे नेऊन "मराठ्यांच्या भीतीनं इंग्रजांनी खणलेला खंदक इथून सुरू व्हायचा" असं छाती फुगवून सांगतात. खंदक कधीच बुजलाय, त्यामुळे पाहुणा रस्त्याकडे बघतो आणि मग सगळे मिठाई खाऊन घरी येतात.

तर अशा घरात या जानेवारीत एक बेत शिजला.

मुलगी सुरुची न्यू टाउनमध्ये कंपनीत नोकरीला आहे, तिकडेच मैत्रिणींबरोबर राहते आणि रविवारी आईच्या हातचं खायला येते. एका रविवारी तिनं जेवता जेवता फोन पुढे केला. "आई, हे बघ. भूतानमध्ये पण द्राक्ष लावतात. वाइन बनवतात. विमानानं तासाभरात पारो."

शैलाताईंनी उष्ट्या हातानं फोन घेतला. डोंगराच्या उतारावर तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी होत्या आणि मागे बर्फाची शिखरं. त्यांचा घास तसाच राहिला. वडील गेल्यापासून त्या माहेरच्या बागेत उभ्या राहिल्याच नव्हत्या. माहेरी जायच्या ते मंगल कार्यालयात; हळदीकुंकू, जेवणावळी, आणि रिक्षा करून परत स्टेशन. बाग लांबून दिसायची.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या.

दिगंबररावांना वाटलं, बायको मीठ मागतेय. त्यांनी मीठ पुढे केलं.

"मीठ नको. मला इथे जायचंय. शनिवार-रविवार. तुमची पुढची बदली यायच्या आत."

"दारू प्यायला परदेशी?" दिगंबरराव म्हणाले. "शोभाताईला काय सांगायचं?" शोभाताई ही त्यांची साताऱ्याची थोरली बहीण. जगातली कुठलीही गोष्ट करावी की नाही हे ते तिला काय सांगता येईल यावरून ठरवतात.

"सांगा, द्राक्षं बघायला चाललोय."

आणि मग त्या घराला जो उत्साह चढला तो विचारू नका. तारीख शैलाताईंनी ठरवली. फेब्रुवारीचा चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. शिवाय त्या वेळी द्राक्षं कशी भरात असतात, घड कसे हाताला जड लागतात, त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक? सुरुचीनं एकदा चाचरत विचारलं, "आई, तिकडे थंडी असेल ना?" त्यावर "द्राक्षातलं तू मला शिकव आता" असं उत्तर आलं. तिकिटं काढली. ती रद्द केली तर पैसे परत मिळणार नव्हते, पण रद्द करतंय कोण.

दिगंबररावांचा विरोध आठवडाभर टिकला. मग त्यांना कळलं की बँकेच्या अधिकाऱ्याला देशाबाहेर जायचं तर आधी वरिष्ठांची परवानगी लागते, आणि अर्ज म्हटल्यावर हा माणूस फुलतो. 'सहकुटुंब पर्यटन व निसर्गदर्शन' असा हेतू लिहून त्यांनी अर्ज केला. वाइनचा उल्लेख शिताफीनं टाळला. भूतानला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं, असं कळल्यावर त्यांनी कपाट उपसून भोपाळचं ओळखपत्र काढलं. त्यातल्या फोटोत त्यांच्या डोक्यावर केस होते. ते कार्ड त्यांनी चार वेळा तरी सगळ्यांना दाखवलं.

तिकडे गेल्यावर फजिती नको म्हणून एकदा रंगीत तालीमही झाली. सुरुचीनं वाइनची बाटली आणली. घरात काचेचे नाजूक पेले नव्हते, म्हणून स्टीलच्या वाट्या घेतल्या. दिगंबररावांनी औषध घ्यावं तसा घोट घेतला आणि म्हणाले, "मनुका भिजवलेलं पाणी आंबलंय." शैलाताईंनी मात्र वाटी नाकाशी धरली. हंगामात बेदाण्याच्या शेडजवळ यायचा तसा वास होता. वडील वाइनवाल्यांना द्राक्षं द्यायचे नाहीत. 'माझा माल देवापुढे जातो' म्हणायचे. बाबांनी पाहिलं तर काय म्हणतील, असं वाटून त्या एकट्याच हसल्या आणि वाटी संपवली.

बेत असा रंगात आला असताना विनायकदादाचा फोन आला. शैलाताईंचा थोरला भाऊ, आता बाग तोच बघतो.

"शैले, अनिकेतचा साखरपुडा ठरला. चौथा शनिवार. तू आत्या, तुझ्याशिवाय कसं व्हायचं? तिकीट काढ."

सांची अशीच गेली होती. अराकूही असंच गेलं होतं. "बघते, दादा," असं म्हणून शैलाताईंनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माहेरच्या आमंत्रणाला 'बघते' म्हणाल्या होत्या. दिवसभर त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. या वेळी सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण त्यानंतरच्या रविवारी सगळंच फिसकटलं. पारोचा गाइड पेमा, बरा हिंदी बोलणारा हसरा माणूस, बेत पक्का करायला व्हिडिओ कॉलवर आला. तो नेमका बागेतच उभा होता. "मॅडम, दाखवू का बाग?" तिघंही फोनवर ओणवले. शैलाताईंनी चष्मा पुसून घेतला.

बागेत एक पान नव्हतं. काळ्या खोडांच्या ओळी आणि वर तारांवर वाळक्या काड्या, बस.

"द्राक्षं कुठायत?" शैलाताईंनी विचारलं.

"द्राक्षं? ती तर पावसाळा सरताना, मॅडम. आता थंडी. वेली झोपल्यात." पेमाला वाटलं, शहरातल्या बाई आहेत, कसं कळणार. त्यानं समजुतीच्या सुरात पुढे सांगितलं, "तुम्ही याल तेव्हा छाटणी चालू असेल. मालक पाहुण्यांनाही कात्री देतात. पण घड बघायचे तर सप्टेंबरात या."

कॉल संपला. नाशिकचा हिशेब शैलाताईंनी हिमालयाला लावला होता. आमच्याकडे पिकतात म्हणजे जगात सगळीकडे तेव्हाच पिकतात, असा हा द्राक्षवाल्यांचा ताठा, आणि तो असा वेलीसकट उघडा पडला. शैलाताईंना भयंकर लाज वाटली. सप्टेंबरपर्यंत बदली होऊन त्या कुठे असतील कोण जाणे.

"जाऊ दे," त्या उठल्या. "काटक्या बघायला कशाला जायचं? अनिकेतच्या साखरपुड्याला जाऊ. दादाला कळवते."

"अगं पण परवानगी आलीये माझी," दिगंबरराव म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की सुरुची बघतच राहिली. या माणसानं गेले दोन आठवडे रोज पारोचं तापमान वाचून दाखवलं होतं आणि गुपचूप लोकरीचे मोजेही आणले होते.

शैलाताई मेथी निवडायला बसल्या. त्यांचं काही बिनसलं की त्या मेथी निवडतात. सुरुची शेजारी येऊन बसली आणि देठासकट पानं टाकू लागली.

"आई, छाटणी म्हणजे काय असतो?"

"असते. छाटणी असते." आणि मग, रागात असूनही, त्या सांगू लागल्या. छाटणीच्या दिवशी बागेत पाट मांडायचा. पहिल्या वेलीला हळदकुंकू, नारळ. वडील नवी कात्री पुजायचे. मग पहिली काडी कापायची. कापल्यावर वेलीला पाणी सुटतं, थेंब थेंब. त्याला वडील म्हणायचे, वेल जागी झाली. सांगता सांगता त्यांचा हात मेथीवरून उठून हवेत काडी धरू लागला होता.

"मग पहिलं कोण कापायचं? तू?"

"छे. दादा. मी पूजेचं ताट धरायचे."

"आणि त्याच्यानंतर तू?"

"मुली विरळणीला जातात गं, मणी काढायला. कात्री नाही धरत."

"का?"

हे असं का, हे शैलाताईंनी कधी विचारलंच नव्हतं. ताट जड असायचं, हात भरून यायचे, आणि दरवर्षी त्या दादाच्या हातातल्या कात्रीकडे बघत उभ्या राहायच्या. तेव्हा ती आपल्याला हवी होती, ही गोष्ट त्यांना आज, पन्नाशी उलटल्यावर, बेहालाच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडताना कळली. आणि एकदा कळल्यावर त्यांना बसवेना.

"तो काय म्हणाला गं, पेमा? पाहुण्यांना कात्री देतात?"

"हो. मालक देतात."

मेथी तशीच ठेवून त्यांनी फोन उचलला. दिगंबरराव वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"दादा," शैलाताई म्हणाल्या, "साखरपुड्याला मी येत नाही. लग्नाला आठवडाभर आधी येईन, पुरणावरणाला उभी राहीन. पण आत्ता नाही."

"का गं? बरं नाही का? जावईबुवांची बदली?"

"नाही. मी छाटणीला चाललेय."

"छाटणीला?" दादाला काही उमजेना. "आता कुणाची छाटणी? आपली तर ऑक्टोबरातच झाली. कुठे?"

"भूतानला. तिकडे आता असते. वेल झोपलेली असते तेव्हा." हे त्या अशा थाटात म्हणाल्या की जणू जन्मापासून माहीत होतं. "तिथे मला कात्री देणार आहेत."

पलीकडून बागेतल्या पंपाचा आवाज तेवढा येत होता. शैलाताईंनी फोन घट्ट धरला. आता रागावेल, आत्याचा मान म्हणेल, लोक काय म्हणतील म्हणेल. तो रागावला तर आपण पुन्हा 'बरं, येते' म्हणून टाकू, याची त्यांना धास्ती वाटत होती.

"तू कधी धरलीच नाहीस, नाही का," दादा म्हणाला. "हे बघ शैले. कात्री कुणाचीही बोथट घेऊ नको, काडी चिरते. काप तिरपा द्यायचा. आणि दोन डोळे ठेवायचे खाली, त्यातूनच फूट येते. पहिली काडी घाईनं कापायची नाही. आपला हात थरथरतो पहिल्यांदा. माझाही थरथरायचा."

शैलाताईंना हे सगळं तोंडपाठ होतं. त्या ताट धरून उभ्या असताना वडील दादाला सांगायचे, ते त्या दरवर्षी ऐकत आल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि दिगंबररावांना खूण केली. दिगंबररावांनी धडपडत कागद-पेन आणून पुढे ठेवलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "परत सांग. सावकाश सांग."