व्याह्यांचं ताट रिकामं झालं

आमची मुलगी डॉक्टर व्हायला जॉर्जियाला गेली आणि तिथल्याच एका द्राक्षबागवाल्याच्या मुलाशी लग्न ठरवून बसली. ठरवून म्हणजे तिच्यापुरतं. कान्हे गावी राहणारे आमचे थोरले भाऊ 'हो' म्हणेपर्यंत आमच्या घरात वासराचंही नाव ठरत नाही. भाऊ म्हणाले, "घर बघितल्याबिगर न्हाई." म्हणून भाऊ आणि मी विमानात बसून घर बघायला गेलो.

वाइनचा प्रदेश म्हटल्यावर मी तळेगावहून कोट इस्त्री करून नेला होता. व्याही बनियनवर आले. पायात रबरी चपला, हातात प्लास्टिकचा कॅन. वाइन अंगणात पुरलेल्या मातीच्या रांजणात होती, ती त्यांनी वाळक्या भोपळ्याच्या डावानं काढली. भाऊंना सगळं फार आवडलं. "आपल्यासारकीच मानसं हायती," म्हणाले. मला कोटात उकडत होतं.

भाऊंनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण तिथे प्रत्येक पेला कुणाच्या तरी नावानं पितात. पहिले दोन भाऊंनी हात जोडून नाकारले. तिसरा गेलेल्या माणसांचा होता. व्याह्यांनी मुलीमार्फत विचारलं, तुमचं कोण गेलं? भाऊंच्या बायकोला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेवटी मीच सांगितलं, "वहिनी." व्याह्यांनी तो शब्द जपून उच्चारला आणि पेला उचलला.

"तिच्या नावाचं टाकू कसं?" भाऊ म्हणाले आणि त्यांनी पेला तळापर्यंत रिकामा केला.

आता आमच्या घरी पानात टाकायची सोय नाही आणि त्यांच्या घरी पाहुण्याचा पेला रिकामा ठेवायची. भाऊ संपवत होते, व्याही भरत होते, दोघांनीही सभ्यपणाची हद्द केली. आठव्या पेल्याला भाऊंनी द्राक्षांच्या ओळीत उभं राहून हुकूम सोडला, "ह्ये समदं उपटा, हितं इंद्रायणी भात लावा!" नवऱ्या मुलानं ते वहीत लिहून घेतलं.

परत आल्यावर मात्र भाऊ लग्नाबद्दल अवाक्षर काढेनात. मुलगी रोज फोनवर रडायची. माझा जीव तुटायचा, पण भाऊंना विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

अखेर व्याही स्वतःच आमच्या मुलीबरोबर कान्ह्याला भाऊंच्या घरी आले. भाऊंनी आपल्या सुनेला आधीच बजावून ठेवलं होतं, "ताट रिकामं दिसलं की वाढायचं. हात आडवा धरला की वाढनं थांबतं, ह्ये त्यांना कुनी सांगायचं न्हाई."

व्याह्यांनी भात-आमटी पुसून संपवली. सुनेनं वाढलं. त्यांनी पुन्हा संपवली, तिनं पुन्हा वाढलं. पाचव्या भाताला त्यांनी पट्टा सैल केला. मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी कॅलेंडरकडे. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सहावा भात संपवून व्याही कसेबसे उठले. ताकाचा पेला घेऊन भिंतीवरच्या फोटोकडे वळले आणि त्यांना येणारा एकुलता एक मराठी शब्द म्हणाले, "वहिनी." ताक संपवलं आणि निमूटपणे परत ताटावर येऊन बसले. सून भाताचं पातेलं घेऊन पुढे झाली.

भाऊंनी आपला हात व्याह्यांच्या ताटावर आडवा धरला. डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"बास कर, पोरी," ते म्हणाले. "मानूस फुटंल. तारीक काढा."