दोरीवरची बाळंतीण

मंदावहिनींचे कपडे खुर्च्यांवर वाळायचे. जेद्दात त्या आमच्या शेजारी राहत. पहिल्यांदा चहाला गेलो, तेव्हा बसायला एकही खुर्ची मोकळी नव्हती. गॅलरीतली दोरी मात्र रिकामी.

"दोरीवर बाळंतीण आहे, भावजी," त्या म्हणाल्या.

दोरीच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेला मुठीएवढा खोपा लोंबत होता. आतली मादी मातकट रंगाची. नर उन्हात आला की त्याचा गळा हिरवा-जांभळा चमकायचा. पोट पिवळंधमक, शेपटीत दोन लांब पिसं. समुद्राकडच्या झाडांतून येऊन तो वहिनींच्या जास्वंदीत बाकदार चोच खुपसायचा. माझ्या मुलीच्या पुस्तकातलं चित्र पाहून वहिनी त्याला हमिंगबर्ड म्हणत. मी सांगितलं, तो अमेरिकेतला, हवेत तरंगत मध पितो. हा शिंजीर, बहुतेक वेळा फांदीवर बसून पितो.

"बसतो ते बरं. दमलं की बसावं. आणि कुठला का असेना, त्याच्याकडे इथं राहायचा परवाना, इकामा, कोण मागतोय?"

स्वतः त्या कधी बसलेल्या दिसत नसत. पुढे जिना चढताना त्यांना मध्येच थांबावं लागू लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी उपचारासाठी लगेच मुंबईला जायला सांगितलं. वहिनींचे यजमान दत्तादादा बंदरावर क्रेन चालवत. त्यांना रजा मिळाली नाही. वहिनी एकट्याच निघाल्या.

"मी येईपर्यंत दोरीला हात लावू नका," दारात त्यांनी दादांना बजावलं.

"तू ये तर खरी. शर्ट डोक्यावर वाळवीन."

फोनवर त्या आधी खोप्याची चौकशी करायच्या. स्वतःच्या आजाराचं दादांना खोदून विचारावं लागे. पिल्लं उडाली त्या दिवशी दादांनी मोठ्या आनंदाने कळवलं. पलीकडून थकलेला आवाज आला, "बसली का कुठे? दमली असतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या. दादांच्या पासपोर्टवर देशाबाहेर जाण्याच्या परवानगीचा शिक्का बसेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं.

मी भेटायला गेलो तेव्हा खुर्च्यांवर ओले शर्ट होते. दादांनी एक उचलून मला जागा करून दिली. गॅलरीत खोपा वाऱ्याने हलत होता.

"दादा, पिल्लं केव्हाच उडाली," मी हळूच म्हणालो.

"हो. पण ती म्हणाली होती, मी येईपर्यंत."

शर्ट कुठे टाकावा ते त्यांना सुचेना. मग तो तसाच ओला मांडीवर घेऊन ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले.