वरातीची घोडी आणि सिद्धूचा वेस्टर्न

सिद्धू गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यावर चिडून बसलो होतो. सकाळी नांदेडहून निघतो, दुपारी लातूरला पोचतो, शेवटची कापाकापी करून सिनेमा एकदाचा पुरा करू, असं आदल्या दिवशी म्हणाला होता. दुपार कलली तरी पत्ता नाही, फोनही उचलेना. वाटेत कुठलं तरी माळरान दिसलं असेल आणि हा उतरून बघत बसला असेल, असं म्हणत मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहत होतो. मग त्याच्याच नंबरवरून फोन आला, आणि आवाज त्याच्या वडिलांचा. "स्टँडवरच पडला रे... दवाखान्यात नेलं, पण न्हाई ऱ्हायला." मी मूर्खासारखं "कोण?" असं विचारलं. महिना उलटून गेला, अजून दुपार कलली की माझी नजर दुकानाच्या दाराकडे जाते.

आमची ओळख नांदेडच्या कॉलेजातली. मी उदगीरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, खोली करून राहिलेला. तो मुदखेडहून रेल्वेने यायचा. काका, म्हणजे त्याचे वडील, रेल्वेत होते. पुढे मी लातुरात लग्नाचे व्हिडिओ जोडायचं दुकान टाकलं, आणि सिद्धू नाटकं, छोट्या फिल्मा करत, पोटासाठी लग्नाची शूटिंग घेत फिरू लागला. वेडा होता तो वेस्टर्न सिनेमांचा. घोडा, बंदूक, धूळ आणि गावात शिरणारा एकटा माणूस. तसला सिनेमा मराठवाड्यात करायचा, असं त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी खो खो हसलो. "आपल्याकडं घोडा फक्त नवरदेवाला लागतो बे," म्हणालो. एरवी माझ्या दुप्पट हसणारा हा गडी हसला नाही. मग म्हणाला, "आमच्या बापाला तोबी लाभला न्हाई."

काकांची सासुरवाडी धर्माबादकडच्या एका गावातली. घोडीवर बसलेले काका वेशीपाशी आले तर गावातले चौघे आडवे उभे. तुमच्यातला नवरदेव आमच्या गावातून घोडीवर जात नसतो, उतर. काका उतरले. नव्या कपड्यांत, मुंडावळ्या बांधून, धुळीतून पायी मांडवात गेले. हे त्यांनी जन्मात कधी कुणाला सांगितलं नाही. काकूंनी, जाण्याआधीच्या आजारपणात, सिद्धूला सांगितलं. "त्या सिनेमांत बघ," सिद्धू मला म्हणाला, "घोड्यावरचा माणूस गावात शिरतो, आन् अख्खं गाव दारातून बघत ऱ्हातं. माझा हिरो तसा शिरल. उतरणार न्हाई. बाकी गोष्ट काय बी असू दे." त्यानंतर मी त्या सिनेमाची टिंगल केली नाही. म्हणजे, केली, पण घोड्याची सोडून.

गोष्टही त्यानं आजचीच घेतली. हिरो म्हणजे नोकरीवरून काढलेला बँकेचा गार्ड. खांद्यावर दुनळी बंदूक, गावात मोबाइलचा टॉवर, पारावर मोटारसायकली, आणि हा आपला घोडीवर. हिरो झाले नांदेडचे नाटकात काम करणारे एक शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. बाकी सगळी टीम लग्नातली! कॅमेरा चालवणारा लग्नाचा, ड्रोनवाला लग्नाचा, दिवे मांडववाल्याचे, जेवण लग्नाच्याच आचाऱ्याचं. त्यामुळे सेटवर दोन्ही वेळ मठ्ठा आणि जिलेबी. उदगीरच्या पुढे तांबड्या मुरमाचं माळरान त्यानं निवडलं, कारण आमची काळी माती उडत नाही, नुसती बुटाला चिकटते. धूळ उडवायला सोयाबीन उफणायचा पंखा आणला होता. तो सुरू झाला की सगळे तांबडे होऊन खोकत बसायचे, आणि सिद्धू त्या लोटात उभा राहून ओरडायचा, "अजून सोडा, लई भारी दिसून राहिलं!"

घोडीही वरातीचीच. बंदुकीच्या बाराला घोडं बुजतं, हा सगळ्यांना घोर होता. त्यावर आमच्या लग्नवाल्यांनी अक्कल चालवली, की वरातीच्या घोडीला कानाशी फटाके फुटले तरी काही वाटत नाही. आणि खरंच, बार झाला की ती शेपटीसुद्धा हलवायची नाही. सगळे खूश. पण वरातीची घोडी वाजंत्रीवर काय करते, हे आयुष्य वरातीत घालवलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. हिरो वेशीतून गावात शिरतो तो शॉट होता, सिद्धूनं ज्याच्यासाठी सिनेमा मांडला तो. गावकरी दारादारांत दगडासारखे उभे केलेले. पलीकडे पुढच्या सीनसाठी बोलावलेल्या हलगीवाल्यांनी जाळ करून हलग्या शेकल्या, आणि सवयीनं एकानं दोन थापा टाकून बघितल्या. झालं! घोडीनं पुढचा पाय उचलला आणि नाचायला लागली. वर मास्तर, कपाळाला आठ्या, खांद्यावर दुनळी. खाली घोडी ठुमकतेय. अख्खं गाव फुटून हसलं.

मी तेव्हा लातूरला दुकानात होतो. रात्री सिद्धूचा फोन आला, आवाज भरलेला. "साधाबी शॉट घेतलाय नंतर. पण सिनेमात नाचणारीच जाईल." पैसे लावणारे साहेब पुण्याचे, माणूस वाईट नाही, पण त्यांना हे पटेना. लोक हसतील, इतका वेळ जमवलेला ताण एका क्षणात उतरेल, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही साधा शॉटच बरा वाटत होता. घोडी संथ चालते, गाव गप्प उभं असतं, अंगावर काटा येतो. आम्ही तिघं महिनाभर भांडलो. सिद्धू शेवटी म्हणाला, येतो लातूरला, तुला समोर बसून समजावतो. ते समजावणं राहूनच गेलं. दहावा-तेरावा त्यांच्यात नसतो, पुण्यानुमोदनाला साहेब आले होते, डोळे पुसत मला म्हणाले, "आता तुम्हीच ठरवा."

मला ठरवता येईना. सिद्धूसाठी नाचणारी ठेवावी तर सिनेमा बिघडायची भीती, आणि त्याचा तर हा एकुलता एक मोठा सिनेमा. गेल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन मुदखेडला काकांकडे गेलो. वेशीवरची ती गोष्ट मला ठाऊक आहे हे बोललो नाही. दोन शॉट आहेत, बघून सांगा, एवढंच म्हणालो.

साधा शॉट त्यांनी मान न हलवता बघितला. मग दुसरा लावला. घोडी नाचू लागली, बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या, एक म्हातारा तर हसता हसता पायरीवर बसला. "लोक हसतील म्हणतात, काका. सिनेमा बिघडेल म्हणतात."

"हसू दे की," काका म्हणाले. "वरात बघून हसत न्हाईत का मानसं? तोंडं पाडून दारात उभे ऱ्हाणारे लई बघितले म्या."

माझं तिथंच ठरलं, नाचणारीच जाईल. पण तुकडा अजून चालूच होता... घाईत मी कॅमेऱ्यातून आलेला मूळ तुकडाच लावला होता, दुकानात मी तोडलेला शेवट आणि बंद केलेला आवाज त्यात तसाच होता. दिग्दर्शकाच्या आरोळ्या सिनेमात राहत नसतात. हशानं ओशाळलेल्या मास्तरांनी लगाम ओढला, रिकिबीतून पाय काढला, खाली उतरायला वाकले. आणि कॅमेऱ्यामागून सिद्धू जिवाच्या आकांतानं ओरडला, "उतरू नका मास्तर! कोणीबी हसू द्या, काय बी म्हणू द्या... उतरू नका!"

मला हुंदका आवरेना. काका म्हणाले, "परत लाव." मी परत लावलं. ती हाक यायची वेळ झाली तसे ते पुढे सरकले, स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि हाक आल्यावर हळूच म्हणाले, "न्हाई उतरत रे बाबा... न्हाई उतरत."