वैशाखातलं भरीत

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं पोट बिघडलेलंसुद्धा फोनवरच्या आवाजावरून कळतं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कुठून सुरू करू? वांग्यांपासून? नको, वह्यांपासून करतो.

मी धरणगावकडचा. सातवीत शाळा सोडली. आता सुरतला साड्यांच्या घड्या घालतो, नऊ वर्षं झाली. शेठ चांगला माणूस, खोली दिली, पंखाही दिला — माझी कसलीच तक्रार नाही. बायको सुरेखा आणि मुलगी जागृती गावीच असतात. जागृती पाचवीत.

मागच्या उन्हाळ्यात जळगावच्या एक मॅडम गावात आल्या. त्यांचा अभ्यास कशाचा, तर बाप पोटासाठी लांब राहतो त्या घरातली पोरं कशी वाढतात, बापाशी काय बोलतात, याचा. असल्या गोष्टीचाही अभ्यास असतो? असतो म्हणे. त्यांनी दोन वह्या दिल्या. एक जागृतीला, एक गावाकडच्या माणसाच्या हाती मला. रोज फोनवर जे बोलणं होईल ते दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं, तीन महिने. एकमेकांना दाखवायचं नाही. "भाऊ, तुमच्या अनुभवाची आम्हाला गरज आहे," मॅडम फोनवर म्हणाल्या. माझ्या अनुभवाची! मी जागेवर उभा राहून 'हो हो' म्हणालो.

आता खरं सांगू? रोज कुठला फोन. फक्त रविवारी. आणि रविवारी तरी काय? 'जेवनी का?' 'हां.' 'अभ्यास करस ना?' 'हां.' 'मायले दे.' की फोन आईकडे. संपलं. बाकीच्या संध्याकाळी दमलेला असायचो, असं सांगणार होतो — पण नाही. मोबाइलवर कुस्त्या बघत पडायचो.

वही कोरीच राहिली. आषाढात सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी आठवली. आमचा मुकादम आठवड्याची हजेरी शनिवारी एका बैठकीत भरतो. तशी मी तीन महिन्यांची वही एका दुपारी भरली. लिहिता लिहिता असा काही प्रेमळ बाप झालो, की माझेच डोळे भरून आले! रोज गृहपाठ विचारला — मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा. आणि भूक लागली होती, म्हणून भरीत लिहिलं. 'आज घरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, जागृतीने दोन भाकरी खाल्ल्या.' चैत्रात चारदा, वैशाखात नऊदा. भरताची वांगी आमच्याकडे थंडीत येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी खानदेशातला माणूस — आणि भर उन्हाळ्यात तेरा वेळा भरीत!

मॅडम घरी आल्या. खाटेवर बसल्या, दोन्ही वह्या शेजारी उघडल्या.

"भाऊ, एकाही दिवसाचं जुळत नाही हो."

जागृतीच्या वहीतही रोज फोन होता. 'आज पप्पांनी विचारलं, वर्गात कोणी चिडवतं का.' 'आज पप्पा म्हणाले, तुझी आठवण येते.' 'आज पप्पांनी गाणं म्हटलं.' गाणं? मी आयुष्यात म्हशीसमोरही गायलेलो नाही! कुठे पेन, कुठे पेन्सिल, एका पानावर तेलाचं बोट. ती खरोखर रोज बसून लिहीत होती — न आलेला फोन.

तिनं माझी अब्रू झाकली होती. आणि मी? इथेच दरवेळी अडतो. मी हसलो. म्हणालो, "मॅडम, पोरगी मनाचं लिहिते. खोटं बोलानी सवयच शे तिले." घाबरलो की माझी अहिराणी सुटते.

सुरेखा आत चहा करत होती. जागृती पाण्याचा तांब्या धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाली, "हो मॅडम. मी मनाचं लिहिलं. पप्पांचं खरं आहे."

मॅडमनी तिची वही तिला परत दिली. माझी घेतली. उठता उठता चाळली, आणि थांबल्या.

"भाऊ, वैशाखात भरीत?"

"कोल्ड स्टोरेजची वांगी, मॅडम."

मॅडम जळगावच्या. त्यांनी एकदा मला बघितलं, एकदा जागृतीला. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी काय म्हणालो — "पुढच्या वेळी भरीत खायलाच या."

"थंडीत," जागृती हळूच म्हणाली.

जागृतीनं आपली वही चुलीजवळच्या काड्यांत टाकली होती. मी उचलून सुरतला आणली. मॅडमचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही.

जागृतीला आता रोज लावतो. वही मांडीवर उघडी ठेवतो आणि तिनं लिहिलेलंच वाचून विचारतो — वर्गात कोणी चिडवतं का?

"नही," ती म्हणते. मग तीच विचारते,

"मायले देऊ?"