मोंबासाची तीन पाकिटे

नोकरीच्या काळात शेकडो फिर्यादी लिहून घेतल्या आणि बहुतेक विसरलो. मोंबासाच्या टपालाची फिर्याद मात्र जशीच्या तशी लक्षात आहे, कारण ती चोरीची म्हणून दाखल व्हायला फक्त माझी सही बाकी होती.

तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. शहरातल्या एका ठाण्यावर मी अमीन होतो. आजच्या भाषेत फौजदार. सकाळी हजेरी, मग गस्तीचा अहवाल, मग रोजनामचा, म्हणजे ठाण्याची दैनंदिनी. लोक मराठीत किंवा दखनीत सांगत, मुन्शी उर्दूत लिहीत. सांगितलेले आणि लिहिलेले एकच आहे की नाही, हे पाहणे अमिनाचे काम.

होळी नुकतीच झाली होती. हजेरी आटोपत असताना एक माणूस आत आला. वय तिशीच्या आत, अंगात धुतलेला सदरा, पण नखांत काळे तेल. मूळचा बिडकीनचा, शहराबाहेरच्या एका जिनिंगमध्ये फिटर. उभ्याउभ्याच म्हणाला,

"साहेब, माझं टपाल चोरतंय कुणीतरी. आन् कोण चोरतंय ते बी मला माहीत हाय."

"मग माझं अर्धं काम झालंच. बस."

तो बसला आणि त्याने क्रमाने सांगितले. दसरा होताच त्याने पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरात, एका कारखान्यात फिटरच्या जागेसाठी अर्ज केला होता. दीड महिन्यात उत्तर आले. दाखल्यांच्या नकला पाठवा, त्या पसंत पडल्या तर उन्हाळ्यात बोलावू. जिनिंगचे काम हंगामी असते. कापूस संपला की पाडव्याच्या सुमारास यंत्रे थांबतात आणि दुरुस्तीसाठी एकच फिटर पावसाळाभर ठेवतात. ती जागा दरवर्षी याला मिळत असे. या वर्षी मॅनेजरने विचारले तेव्हा याने 'मी चाललो' म्हणून सांगितले, आणि जागा दुसऱ्या माणसाला गेली.

"मोंबासाचं पक्कं झालं होतं का तेव्हा?"

"झाल्यातच जमा होतं, साहेब."

'झाल्यातच जमा' हे शब्द ठाण्यात फार ऐकायला मिळतात. ते बोलणाऱ्याच्या हातात सहसा काहीही नसते.

नकला पाठवल्या. उत्तर नाही. महिन्याने आठवण दिली. उत्तर नाही. आठ दिवसांपूर्वी नकलांचा दुसरा संच पाठवला होता. उत्तरे छावणीच्या टपालघरात ठेवावीत असे त्याने लिहिले होते, म्हणून दर शनिवारी तिकडे हेलपाटा घालत होता. तिथला बाबू दर वेळी नकारार्थी मान हलवत होता. पाडव्याला पंधरा दिवस उरले होते. त्यानंतर हातात ना जिनिंग, ना मोंबासा.

"बायकोनं पेटी भरून ठेवलीय," तो म्हणाला. "रोज इचारती, कुलूप लावू का म्हून."

संशय कोणावर, तर त्याच्याच शेजारी काम करणाऱ्या दुसऱ्या फिटरवर. कारण काय, तर तो हल्ली याच्याशी नजर मिळवत नव्हता. नजर न मिळवणे हा पुरावा नव्हे. मी रोजनामच्यात नोंद घेतली, फिर्याद चौकशीवर ठेवली आणि त्याला कामावर पाठवला.

दोन दिवसांनी खबर आपोआप आली. छावणीतल्या टपालघरासमोर एका नानबाईची, म्हणजे रोट्या भाजणाऱ्याची, भट्टी होती. आमचा जमादार रोज तिथे रोटी घेई. नानबाई त्याला म्हणाला, "तुमचा तो बिडकीनवाला रिकाम्या हातानं जातोय बिचारा. पण त्याच जिनिंगचा दुसरा एक येतोय. जाडजूड लिफाफे नेतोय, परदेशी तिकिटाचे. लिंबाखाली उभा राहून वाचतोय आणि सदऱ्यात लपवतोय. आपलं खत कुणी असं वाचतं का, जमादारसाहब?"

खबर नेमकी होती. वेळ, जागा, वागणूक, तिन्ही जुळत होते. त्याच दिवशी मी दुसऱ्या फिटरला बोलावणे पाठवले आणि मुन्शीला फिर्यादीचा कागद तयार ठेवायला सांगितले.

हा माणूस शहरातलाच, चार पिढ्या बेगमपुऱ्यात राहणाऱ्या मुस्लिम घरातला. डब्यासकट आला. ठाण्यात डबा घेऊन येणारा माणूस एक तर निर्ढावलेला असतो नाही तर निर्दोष. त्याला मी बराच वेळ बाकावर बसू दिला. बसवून ठेवले की माणूस स्वतःशीच जबाब द्यायला लागतो, आणि मग आम्हाला कमी विचारावे लागते.

"छावणीतून पत्रं कोणाची आणतोस?"

"माझी."

"तुला आफ्रिकेतून कोण लिहितं?"

त्याने डबा उघडला. वरच्या खणात पोळी-भाजी होती. खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेली दोन पाकिटे. दोन्हींवर त्याचेच नाव. कारखाना मात्र तोच, मोंबासाचा.

"लपवून का वाचतोस?"

"अम्मीला सांगितलं नाय अजून. मॅनेजरला तर नायच. त्या बिडकीनवाल्याची गत बघितली ना साहब. पहिलं पत्र जिनिंगच्या पत्त्यावर मागवलं येड्यानं. मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला, आफ्रिकेला चाललास व्हय? यंत्रांचे सोडून सिंहांना पट्टे चढवणार काय? महिनाभर सगळे त्याला सिंहवाला म्हणत होते. मला नाय व्हायचं सिंहवाला."

"आणि त्याच्याशी नजर का चोरतोस?"

त्याने डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले.

"एक चोरी केलीया साहब. त्याचं पाकीट हत्यारांच्या पेटीवर पडलं होतं. त्यावरनं कारखान्याचा पत्ता उतरून घेतला. त्याला इचारलं नाय. पत्ता चोरला तर कुठली दफा लागती?"

मुन्शीने लेखणी खाली ठेवली. पत्ता चोरण्याची दफा आमच्या कायद्यात नव्हती.

"चालचलनाचा दाखलाही मागवला असेल त्यांनी तुझा?"

"मागवलाय की. अर्ज तुमच्याच टेबलावर हाय साहब. पंधरवडा झाला."

तो होता. पानसुपारीच्या तबकाखाली, न वाचलेला. ज्या माणसावर मी चोरीची फिर्याद दाखल करायला निघालो होतो, त्याने पंधरवड्यापूर्वी मोंबासाला जाण्याचे कारण स्वच्छ अक्षरात लिहून माझ्यापुढे ठेवले होते. अर्ज त्याच्यासमोर वाचला. सही मात्र केली नाही, कारण प्रश्न उरलाच होता. एकाच कारखान्याला दोघांनी लिहिले. एकाला दोनदा उत्तर, दुसऱ्याला शांतता. का?

सहज विचारावे तसे विचारले, "तू पत्रं कुठून टाकलीस?"

"छावणीतनं. दुसरीकडनं जातंय व्हय?"

हे वाक्य ऐकले आणि बाकीचे मी त्याला विचारायचे थांबवले.

नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. निजामाच्या राज्याचे टपाल स्वतंत्र होते, तिकिटेही स्वतंत्र. ती राज्याच्या हद्दीपर्यंत चालत, पुढे नाही. राज्याबाहेर पत्र पाठवायचे तर छावणीत किंवा रेल्वे स्टेशनजवळ इंग्रजी टपालघर होते. तिथे जाऊन इंग्रजी तिकीट लावावे लागे. शहरातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक होते. फिर्यादीलाही होते. त्याचा पहिला अर्ज तिथूनच गेला होता. मग नंतरची पाकिटे?

फिर्यादीला बोलावले. त्याने खाली बघत उत्तर दिले. मॅनेजरच्या टोमण्यानंतर छावणीत पाकीट टाकताना कोणी बघेल, या धास्तीने पुढची तिन्ही पाकिटे त्याने खुलताबादला सासऱ्याकडे दिली होती. "मामा, तिकीट लावून टाका तेवढं," एवढेच सांगून.

"कोणतं तिकीट ते सांगितलंस?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन टांग्याने खुलताबाद गाठले. चढावर घोडे दमले तेव्हा आम्ही दोघे खाली उतरून चाललो. सासऱ्याचा फुलांचा मळा होता. दर्ग्याला चादरीची फुले त्याची आणि मारुतीला शनिवारचे हारही त्याचेच. म्हातारा गुलाब खुडत होता. पोलीस बघून घाबरला नाही. जावयाकडे बघून घाबरला.

"काय झालं, जावईबापू?"

"मामा, ती पाकिटं..."

"टाकली की. तिन्ही या हातानं टाकली. ह्या पेटीत, वेशीजवळच्या."

मी विचारले, "तिकीट लावलं होतं?"

"लावलं म्हंजे? चौपट लावलं, साहेब. पैठणला एक तिकीट लागतंय. हे तर समिंदरापल्याड जायचं. म्हनलं, वाटंत कमी पडाया नको."

त्याने कनवटीची डबी काढून उरलेली तिकिटे दाखवली. सगळी निजामाची. त्याची बहीण पैठणला, एक मुलगी सोयगावला, धाकटी औरंगाबादेत. उभ्या आयुष्यात राज्याच्या हद्दीबाहेर पत्र पाठवायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. दुसरे तिकीट असते, हे त्याला सांगणार कोण? ज्याने सांगायचे, त्याला बोभाटा नको होता.

खुलताबादच्या टपालघरातल्या मुन्शीने नियमाप्रमाणेच सगळे केले होते. त्या तिकिटावर पत्र पुढे जात नाही, म्हणून ते पाठवणाऱ्याला परत करायचे. पण पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव हवे. फिर्यादीने ते मुद्दाम लिहिले नव्हते. पेटीतून निघालेले पाकीट, तेव्हा कोणी आणून टाकले हेही मुन्शीला माहीत नाही. पहिली दोन त्याने बेवारस टपाल म्हणून वर हैदराबादेस पाठवली. तिसरे, नकलांच्या दुसऱ्या संचाचे, पुढच्या थैलीची वाट बघत खणात पडले होते. मी रोजनामच्याचा हवाला दिला, पावती लिहून दिली आणि पाकीट ताब्यात घेतले.

म्हाताऱ्याने ते हातात घेऊन बघितले. चार तिकिटे एका ओळीत, जराही तिरपी नाहीत.

"म्हंजे माझ्यामुळं पोराचं गेलं," तो म्हणाला.

जावई लगेच म्हणाला, "नाय मामा. मी सांगितलंच नव्हतं."

परतीच्या वाटेवर फिर्यादी बोटांवर दिवस मोजत होता. पाकीट मिळाले, पण दिवस उरले नव्हते. मोंबासाला टपाल जायला लागणारा वेळ त्याला तोंडपाठ होता.

ठाण्यावर आलो तर दुसरा फिटर बाकावर बसलेला. मी बोलावले नव्हते. त्याने डब्यातले दुसरे पाकीट काढून फिर्यादीपुढे धरले.

"वाच. खालची ओळ. कागद मोंबासाला नाय, मुंबईच्या दलालाकडं द्यायचेत. पाडव्याच्या आत. फिटर दोन पाहिजेत म्हणून लिहिलंय, दोन. मला वाटलं तुला बी असंच आलं असंल. नाय आलं ते जमादारानं सांगितलं तेव्हा कळलं."

फिर्यादीने वाचले. पुन्हा वाचले.

"हा पत्ता मला देतोस?"

"तुझा एक घेतलाय ना. हिशेब बराबर."

"सिंहवाल्यासोबत जाशील व्हय आगबोटीत?"

"पट्टे तू चढव. मी लांब उभा राहीन."

मुन्शी हसला, आणि मग हजेरीवरचे जवानही. मी त्या पंधरवडा पडलेल्या दाखल्यावर सही करून शिक्का मारला. फिर्यादीने फिर्याद मागे घेतली. दोघांचे कागद त्याच दिवशी छावणीतून, इंग्रजी तिकिटावर, मुंबईला गेले. पाडव्याच्या आधी उत्तर आले. वैशाखात दोघेही एकाच बोटीने गेले.

त्या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली माझ्या धंद्यातली: माणसावर संशय घेण्याआधी टेबलावरचे कागद वाचावेत. दुसरी धंद्याबाहेरची. आता निवृत्तीनंतर ओळखीपाळखीची मुले विचारायला येतात, परदेशी जायचे तर नोकरीचे अर्ज कधीपासून सुरू करावेत. मी त्यांना जिनिंगवाल्यांचे गणित सांगतो. हातातला हंगाम भरात असताना सुरुवात करा. टपालाच्या दोन फेऱ्यांचा वेळ धरा, आणि एक फेरी वाया जाणार असे समजून तिसरीचाही धरा. लेखी होकार येईपर्यंत इथली जागा सोडू नका. आणि ज्याच्या हाती काम सोपवाल त्याला ते पुरते सांगा. गुपित ठेवायचे ते शेजाऱ्यापासून, टपालवाल्यापासून नव्हे.

पुढच्या वर्षी फिर्यादीने बायकोलाही तिकडे बोलावून घेतले. ती गेल्यानंतर महिनाभराने खुलताबादचा म्हातारा ठाण्यात आला. गुलाबांची परडी टेबलावर ठेवली आणि कनवटीतून पाकीट काढले.

"पोरीला लिव्हून घेतलंय, साहेब. इंग्रजी तिकीट आणलंय छावणीतनं. बराबर हाय का बघा."

तिकीट बरोबर होते. मी पाकीट उलटे केले. मागे त्याचे नाव, बापाचे नाव, आडनाव, मळा कुठे, मारुतीपासून किती अंतरावर, सगळे होते. अक्षरे एवढी मोठी की पाकिटाच्या मागच्या बाजूला बोटभरही जागा उरली नव्हती.