आकाशगंगेचे बडे बाबू

श्रीखंडेकाका कुठलाही कागद खालून वर वाचत. आधी सही, मग तारीख, मग प्रती कुणाकुणाला, आणि सवड उरली तर मजकूर. माझी लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी 'आपले विनीत'पासून वाचायला घेतली आणि वधूच्या नावापर्यंत पोचायच्या आतच विचारलं, "निमंत्रक दोन-दोन आहेत. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" सरकारी कार्यालयात नेमणुका, बदल्या आणि निलंबनं जिथे शिजतात, त्या आस्थापना शाखेत त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणून. हिंदी मुलखातल्या आमच्या राजेंद्र नगर कॉलनीत ते आमच्या समोरच राहत. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, तरी कागद हातात आला की माझी नजर आधी सहीवर जाते.

अशा माणसाला मी माझं अंतराळातलं नाटक वाचायला दिलं. कॉलनीच्या गणेशोत्सवासाठी लिहिलं होतं. त्यात महासम्राट क्रूरकेतू नावाचा, सतरा ग्रह गिळलेला खलनायक होता. भूमिकेला न्याय देईल असा माणूस मी कॉलनीभर शोधला. शेवटी दाढी करताना आरशात सापडला.

काकांनी वही शेवटच्या पानापासून उघडली. "हा मरतो कशानं?"

"तेजोखड्गानं, काका. नायक त्याच्या छातीत..."

"आणि सम्राट झाला कसा?"

"काळ्या ताऱ्याची शक्ती मिळते त्याला."

काकांनी चष्मा काढला. "शक्तीचं ठीक आहे रे मुकुंदा. पण चार्ज कोणी दिला?"

मी वहीत डोकावलो.

"हे बघ भिया, असा कोणी आकाशातून टपकत नसतो. आधीचा सेनापती मेडिकल लीव्हवर गेला असणार. वरून चिठ्ठी आली असणार, की फिलहाल तुम्ही बघा. हा म्हणाला असणार, नको साहेब, माझ्याकडे आधीच खूप काम आहे. असं म्हणणाऱ्यापासून सांभाळून राहायचं! फिर क्या, सेनापती बरा होऊन येतो तो त्याच्या खुर्चीवर ह्याचा टॉवेल."

"बरं, मग पडतो कसा?"

"पडायला तलवार कशाला? एका ओळीची बदली पुरते. आमचे एक साहेब होते. त्यांची जीप आली की अख्खी बिल्डिंग खोकायची थांबायची. बदली आली त्या दुपारी त्यांनी घंटी वाजवली, कोणी उठलं नाही. तीनदा वाजवली. मग स्वतःच बाहेर आले आणि माठातलं पाणी घेऊन प्यायले."

मी हसलो. काका हसले नाहीत.

"त्याच साहेबांनी आमच्या शाखेतल्या चौहानला सस्पेंड केलं होतं. गुन्हा काय, तर सरकारी जीप साहेबांच्या पोरांना शाळेत का सोडते, असं विचारलं. ऑर्डरचा ड्राफ्ट मी लिहिला. साहेब म्हणाले, 'श्रीखंडे, भाषा बढिया है आपकी.' आणि मी खूश झालो रे! चौहान दोन वर्षं घरी बसला. बहाल होऊन कामावर परत आला तेव्हा डोकं पांढरं झालं होतं. मला म्हणतो, 'बडे बाबू, आप न लिखते तो कोई और लिखता.' तो हे माफ करायला म्हणाला. मी मात्र तीच सबब धरून बसलोय इतकी वर्षं."

मी लेखक असल्यामुळे माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की वा, काय पात्र आहे! दुसऱ्या दिवशी मी नाटकात सम्राटाची फर्मानं लिहिणारा एक कारकून घातला आणि ती भूमिका काकांना देऊन टाकली. वाक्य एकच, "जी हुजूर." काका म्हणाले, "पाठांतराची गरज नाही."

इथे एक छोटीशी घटना सांगायची राहिली. आमच्या उत्सव समितीचे अध्यक्ष मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते आणि जाताना मला म्हणाले होते, "फिलहाल तुम्ही बघा." मी म्हणालो होतो, "नको हो, मला नाटकाचंच खूप काम आहे."

पुढच्या दोन आठवड्यांत मी आरतीची वेळ बदलली, प्रसादातून साबुदाण्याची खिचडी काढली आणि माझ्या खुर्चीवर कुणी बसलं तर नुसता बघू लागलो. समिती म्हणायची, "हो हो, बरोबर आहे." मला वाटायचं, काय एकमत आहे! मग नाटक अडीच तासांचं झालं आणि बायकांच्या भजनाचा दीड तास पंधरा मिनिटांवर आणावा लागला. कुलकर्णीवहिनींचा गट आषाढापासून तालीम करत होता. पण सतरा ग्रह गिळायला वेळ लागतो.

भजनाच्या नव्या वेळेची सूचना फलकावर लिहायची होती. हस्ताक्षर सुरेख म्हणून मी काकांनाच सांगितलं. त्यांनी खडू उचलला. "लिहितो. भाषा बढिया पाहिजे ना?"

"अर्थात," मी म्हणालो. माझ्या अकलेचा याहून पक्का पुरावा माझ्यापाशी नाही.

सूचना वाचायला कुलकर्णीवहिनी आल्या. त्या फलकासमोर उभ्या असताना काका शेजारीच होते. त्यांनी मान खाली घातलेली मी पाहिली आणि वाटलं, भूमिकेत शिरताहेत.

प्रयोगाला पार अन्नपूर्णा भागापर्यंतची मंडळी आली होती. जुन्या पडद्याचं मखमली कापड अंगावर घेऊन मी सिंहासनावरून गरजलो, "लिही! निळा ग्रह जाळून टाका!"

कारकुनाच्या टेबलाशी काकांनी पेनाला टोपण लावलं. "नाही लिहीत."

विंगेतून आवाज आला, "जी हुजूर... काका, जी हुजूर!"

मी दातांतल्या दातांत म्हणालो, "काका, डायलॉग!"

"डायलॉग पाठ आहे साहेब. लिहीत नाही."

मी खरंच जे मनात आलं ते बोललो, "निलंबित करीन तुम्हाला!"

"करा ना. ऑर्डर कोण लिहिणार?"

मी सेनापतीकडे वळलो. हे बँकेतले आपटे. ते बुटांकडे बघत म्हणाले, "माझं अक्षर खराब आहे हो." मी सैनिकांकडे वळलो. नववीतला एक सैनिक म्हणाला, "अंकल, मराठीत लिहिता नाही येत. हिंदी में चलेगा?"

सगळं मैदान हसायला लागलं. समितीचे लोक तर सर्वांत जोरात. दोन आठवड्यांचं तुंबलेलं हसू होतं ते. पुढची अठ्ठेचाळीस पानं, नायक, तेजोखड्ग, काही लागलंच नाही. सिंहासनावर उभ्या सम्राटाला खाली कसं उतरायचं तेवढं कुणी सांगेना. कुणीतरी पडदा ओढला. पलीकडच्या बाजूनं कुलकर्णीवहिनी पेटी घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा हो, मुकुंदराव." मी झालो.

विंगेत काका खुर्चीवर बसले होते. मी चांगलाच रागावून गेलो होतो, पण त्यांच्या हातातलं पेन बघितलं आणि थांबलो. टोपण लावलेलं ते पेन त्यांनी अजून मुठीत घट्ट धरलं होतं. बाहेर भजन सुरू झालं होतं. त्यांनी वर बघितलं, म्हणजे माझ्याकडे नाही, असंच कुठेतरी.

"नाही म्हणायचं, इतकंच होतं का रे?" ते म्हणाले.

मी मुकुट काढून ठेवला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेलो.